दोन मिनिटांच्या ब्रेकसाठी कोणती गेम? माझं उत्तर अजूनही फ्रूट निंजाच

छोट्या ब्रेकसाठी फोनमध्ये एखादी गेम टाकायची तर कोणती टाकावी असं कुणी विचारलं की मी फ्रूट निंजा सांगते, आणि लोक लगेच म्हणतात अगं ती तर किती जुनी, आता कोण खेळतं. जुनी आहेच की. 2010 च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा आयफोनवर आली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडवर, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधली हाफब्रिक म्हणून कंपनी आहे तिची ही गेम, जेटपॅक जॉयराइड काढणारी तीच कंपनी. 2015 पर्यंत डाउनलोडचा आकडा शंभर कोटींवर गेला होता, म्हणजे तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी मोठ्या भावाच्या नाहीतर मामाच्या फोनवर कधी ना कधी ही फळं कापलेली असणार. पण जुनी झाली म्हणून सोडून द्यावी अशी ही गेम नाही, आणि ज्यांचं काम माझ्यासारखं दिवसभर तुकड्या-तुकड्यानं थांबतं त्यांच्यासाठी तर हिच्या तोडीची दुसरी मला अजून सापडली नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहायले.

माझं काम काय ते सांगते म्हणजे लक्षात येईल. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात ऑनलाइन सेवा केंद्र आहे माझं, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, लेकरांचे परीक्षेचे फॉर्म, लाइट बिल, जे येईल ते. ह्या कामात हात सलग चालत नाहीत. फॉर्म भरला की पेज गोल गोल फिरत बसतं. ओटीपी पाठवला की समोरच्या काकांचा आधारला जोडलेला नंबर पोराकडं असतो, पोरगं वावरात, वावरात रेंज नाही, मग शेजाऱ्याच्या पोराला फोन, त्यानं बांधावर जाऊन हाक मारायची, त्यानं रोडपर्यंत येऊन नंबर बघायचा, असं सगळं चालतं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो पण प्रिंटर बंद ठेवावा लागतो. असे दोन मिनिटांचे, पाच मिनिटांचे तुकडे दिवसभर पडत राहतात आणि त्यात पुस्तक उघडून होत नाही, उठून कुठं जाताही येत नाही कारण समोर बाकड्यावर माणसं बसलेली असतात. हात आपोआप फोनकडंच जातो.

आणि फोन हातात घेतला की बहुतेक जण रील लावतात. रीलला शेवटच नाही ना पण. ओटीपी येऊन बसलेला असतो, काकू दोनदा म्हणतात ताई आला बघा नंबर, आणि आपलं बोट अजून वर सारायचंच काम करत असतं, तोवर ओटीपीची मुदत संपते की परत पहिल्यापासून. लुडो लावावा तर तो दुसऱ्याच्या चालीवर अडकतो, त्याची चाल येईपर्यंत आपलं गिऱ्हाईक येतं आणि आपण मधी उठलो की समोरचा चिडतो. मिठाया जुळवायच्या गेम बऱ्या असतात पण त्यात लाइफ संपली की एवढा वेळ थांबा नाहीतर पैसे भरा. क्रिकेटची गेम चालू होऊन टॉस होईपर्यंतच ब्रेक संपून जातो.

फ्रूट निंजाचा डाव स्वतःहून संपतो. मला ह्या गेमबद्दल सगळ्यात मोठं हेच सांगायचंय. खेळायचे तीन प्रकार आहेत, म्हणजे मोड: आर्केडला 60 सेकंद, झेनला 90 सेकंद, आणि क्लासिकमध्ये तीन फळं हातची निसटली की खेळ खलास. संपलं की स्क्रीनवर आकडा येतो आणि तिथं मान वर करायला जागा मिळते. वाटायला ही बारीक गोष्ट वाटेल, पण आठ-दहा तास लोकांसमोर बसणाऱ्याला विचारून बघा. काका एक मिनिट थांबा हं, असं म्हणलं तर ते खरंच एक मिनिट असतं.

ज्यांनी कधीच खेळली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रीनच्या खालून फळं वर उडतात, टरबूज, अननस, किवी, केळी, आंबा, संत्रं, नारळ, स्ट्रॉबेरी अशी, आणि ती खाली पडायच्या आत बोट फिरवून कापायची. एका फळाचा एक पॉइंट. एकाच फटक्यात तीन किंवा जास्त कापली तर कॉम्बो, जितकी फळं तितके पॉइंट वरून मिळतात. कधीमधी नशिबानं एखादा फटका खास ठरतो, त्याला क्रिटिकल म्हणतात, त्याचे 10 जास्तीचे. फळांच्या मधीमधी काळे बॉम्ब येतात, त्यांना हात लावायचा नाही. संपलं, एवढंच शिकायचं. मेनूमध्येसुद्धा जो मोड पाहिजे त्याचं फळच कापायचं असतं, त्यामुळं इंग्रजी न येणारं माणूस पण बघता बघता खेळायला लागतं. आणि कापल्यावर जे दिसतं ना ते लै भारी केलंय त्यांनी, टरबूज फुटलं की आतून लाल, किवी फुटली की हिरवी, मागच्या लाकडी भिंतीवर रस उडतो आणि हळूहळू पुसट होत जातो, आणि बोट ज्या दिशेनं नेलं त्याच दिशेनं फळाचे दोन तुकडे होतात, आडवं मारलं तर आडवे, उभं मारलं तर उभे. ह्या एका गोष्टीमुळं हात खरंच काहीतरी कापायलाय असं वाटतं, निस्तं स्क्रीन पुसल्यासारखं वाटत नाही. ह्या गेमची नक्कल केलेल्या कितीतरी गेम आल्या पण हा कापल्याचा फील बहुतेकांना जमला नाही.

आता खेळायचं कसं, कारण नवीन माणूस हमखास सपासप बोट फिरवत सुटतं, फळ दिसलं की मार, दिसलं की मार. त्यानं पॉइंट होत नाहीत. वर फेकलेली कुठलीही वस्तू वरच्या टोकाला पोचते तिथं क्षणभर थांबल्यासारखी होते, कारण वर जायचा जोर संपलेला असतो आणि खाली यायचा अजून धरलेला नसतो. गेममधली फळंही तशीच उडतात. खालून येताना ती वेगवेगळ्या वाटेनं येतात पण टोकाला जवळपास एकाच वेळी गोळा होतात, तर तिथपर्यंत बोट आवरायचं आणि मग एकच सरळ रेघ मारायची. चार फळं चार फटक्यांत कापली तर चार पॉइंट, तीच एका रेघेत घेतली तर आठ. ही थांबायची सवय लागली की गेम एकदम वेगळी वाटायला लागते, डोकं शांत होतं. दुसरं असं की एकाच बोटानं खेळावं असा काही नियम नाही, दोन बोटं चालतात, फोन टेबलावर ठेवला तर दोन्ही हात पण चालतात.

तीन मोडपैकी कुठला कधी खेळायचा हे ज्याच्या त्याच्या ब्रेकवर आहे. क्लासिकला घड्याळ नाही, तीन फळं पडली की खेळ संपतो आणि बॉम्ब लागला तर जागेवर संपतो, पांढरा झगझगीत उजेड पडून. दर शंभर पॉइंटला गेलेली एक लाइफ परत मिळते, त्यामुळं हात बसलेल्या माणसाचा डाव बराच लांबतो. म्हणून क्लासिक मी कामाच्या वेळी उघडत नाही, ते रात्री जेवणं झाल्यावर, लाइट गेलेली असताना. डाव किती चालेल ते आधी सांगता येत नाही आणि चांगला रंगात आलेला डाव मधी सोडायला जीवावर येतं.

झेनमध्ये बॉम्ब नाहीत आणि फळ खाली पडलं तरी काही बिघडत नाही, सरळ 90 सेकंद फक्त कापायचं. हा मोड लोक साधा म्हणून सोडतात पण मला विचाराल तर कॉम्बोचा खरा सराव इथंच होतो, कारण पडायची भीती नाही तर जास्तीत जास्त फळं गोळा होईपर्यंत थांबता येतं. सकाळपासून डोकं उठलेलं असेल, एकाच फॉर्मला तीनदा एरर आलेला असेल, तेव्हा झेन. आईला, आजीला, पहिल्यांदा खेळणाऱ्याला कुणालाही देताना झेनच लावून द्या.

आर्केड माझं सगळ्यात आवडतं. 60 सेकंद, फळ पडलं तर काही जात नाही, बॉम्ब लागला तर खेळ संपत नाही, 10 पॉइंट कटतात. आणि तीन खास केळी येतात. एका केळ्यानं सगळं हळू होतं, घड्याळसुद्धा, एकानं दोन्ही बाजूंनी फळांचा नुसता पाऊस पडतो, आणि एकानं थोडा वेळ पॉइंट डबल होतात. ही केळी कोणत्या क्रमानं कापायची ह्यावर सगळा खेळ आहे. डबलवालं आणि पावसावालं जवळ जवळ आलं तर स्कोअर कुठल्या कुठं जातो, आणि वेळ हळू करणारं त्यात पडलं तर विचारूच नका, त्या दहा-पंधरा सेकंदांत श्वास घ्यायचं पण ध्यान राहत नाही. शेवटी घड्याळ संपताना एक डाळिंब येतं. ते एका फटक्यात कापलं जात नाही, हवेत लटकून राहतं आणि त्याच्यावर जितके वार करता येतील तितके करायचे, प्रत्येक वाराचा पॉइंट, आणि मग ते फुटतं. हे डाळिंब ज्यानं कुणी सुचवलं त्याला मनापासून दाद द्यावी वाटते, कारण साठ सेकंद जपून, बॉम्ब चुकवत, थांबून थांबून खेळल्यावर शेवटी एकदा मोकळेपणानं हात चालवायला मिळतो आणि डाव संपल्याची खूणगाठ बसते. त्यानंतर अजून एक खेळू असं वाटलं तरी हात थोडा थकलेला असतो, हे पण बरंच आहे.

मागच्या विम्याच्या हंगामात एक काका आले होते, मोसंबीची बाग आहे त्यांची, सत्तरी पार केलेले. त्यांचं केवायसीचं काम होतं आणि अंगठा काही केल्या लागत नव्हता. आमच्याकडं हे रोजचंच आहे, आयुष्यभर खुरपं-टिकाव धरलेल्या हाताच्या रेषा झिजून गेलेल्या असतात, मशीनला रेघच सापडत नाही. अंगठा धुवून झाला, थोडं तेल लावून झालं, दुसरी बोटं लावून झाली, शेवटी म्हणलं काका जरा बसा, थोड्या वेळानं परत बघू. ते माझ्या शेजारीच बसले, चेहरा पडलेला. मी त्यांच्या हातात फोन दिला, म्हणलं हे बघा फळं येतेत, खाली पडू द्यायची नाहीत. घाईत माझ्याकडून क्लासिक लावलं गेलं होतं. काकांनी थोडा वेळ निस्तं बघितलं, दोन फळं पडू दिली, मग म्हणाले, "म्हणजे गळ होऊ द्यायची नाही म्हन की माय." मोसंबीवाल्या माणसाला फळ खाली पडणं म्हणजे काय हे दुसऱ्या कुणी समजावायची गरजच नाही. मग त्यांनी बोट टेकवलं आणि सावकाश, एकेक फळ बघून कापायला सुरुवात केली, आपल्यासारखी झपाझप नाही, पण एकही वार वाया नाही. बॉम्ब आला तर म्हणाले हे काळं काय, आणि बोट बाजूला घेतलं, मी काही सांगायच्या आधी. माझ्या शेजारी फॉर्म भरायला आलेली कॉलेजची पोरं वाकून वाकून बघायली होती. नंतर मी त्यांना झेन लावून दिलं तर त्यांना ते आवडलं नाही, म्हणाले पडलं तर काहीच होत नाही मग ध्यान कशाला द्यायचं. बरोबर आहे त्यांचं, आणि क्लासिक मोड इतकी वर्षं का टिकला ह्याचं ह्याच्याहून नेमकं कारण मला कुणी सांगितलेलं नाही.

मशीनवर न लागलेलं बोट फोनवर कसं चाललं असं त्या पोरांपैकी एकानं विचारलं, तर ते असं आहे की अंगठ्याचं मशीन रेषा शोधतं आणि फोनची स्क्रीन रेषा बघतच नाही, आपल्या अंगातून जी बारीकशी वीज स्क्रीनच्या काचेवर फरक पाडते तेवढीच तिला कळते. त्यामुळं घट्टे पडलेलं बोटसुद्धा बहुतेक वेळा चालतं. चालत नाही ते घामेजलेलं. आपल्याकडं एप्रिल-मे मधी पारा चाळीसच्या वर गेलेला असतो, बोटाचा घाम काचेला लागला की वार मधीच तुटतो, रेघ अर्धी उठते आणि कॉम्बो हातचा जातो. बोट आणि स्क्रीन दोन्ही सुती रुमालानं पुसून घ्या, एवढ्यानं लै फरक पडतो. टेम्पर्ड ग्लास तडकलेली असेल तर आधी ती बदला, ह्या गेममध्ये बोट सतत घासत जातं आणि तड बोटाला कापते. अजून एक, नवीन फोनमध्ये कडेपासून बोट आत सारलं की फोनला वाटतं मागं जायचंय, आणि ऐन पावसात गेम बाहेर पडते. वार स्क्रीनच्या मधल्या भागात ठेवायची सवय लावा, नाहीतर सेटिंगमध्ये जाऊन खालची तीन बटणं परत चालू करून घ्या.

आवाजाबद्दल वेगळं सांगते कारण लोक आवाज बंद करून खेळतात आणि मग बॉम्ब दिसला नाही म्हणतात. बॉम्बच्या वातीचा सुरसुर आवाज येतो, फळांच्या गर्दीत बॉम्ब डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतो. बोट फिरवलं की तलवारीचा सटकन आवाज, टरबूज फुटल्याचा ओला आवाज, नारळाचा कडक, सगळे वेगवेगळे. सेंटरवर तर आवाज मोठा ठेवता येत नाही, एका कानात इअरफोन घालून खेळते म्हणजे दुसरा कान समोरच्या माणसाला मोकळा राहतो. आवाज पूर्ण बंद करायचा असेल तर झेन खेळा, तिथं बॉम्बच नाही.

नेटचं म्हणाल तर ही गेम नेट बंद ठेवून पण चालते, आणि आमच्याकडं ही केवढी मोठी सोय आहे हे शहरातल्या माणसाला कळणार नाही. एसटीत बसून शहागडकडं निघालं की मधी मधी रेंज जाते, वावरात तर सांगायलाच नको. स्पर्धा, रोजचे इव्हेंट असल्या गोष्टींना नेट लागतं पण हे तीन मूळ मोड खेळायला काही अडत नाही. फोन पण भारीतला लागत नाही.

आता जे पटत नाही ते. सुरुवातीला ही गेम आयफोनवर विकत मिळायची, छोटीशी किंमत भरा आणि खेळत बसा. आता फुकट आहे, म्हणजे डावाच्या मधल्या वेळात जाहिराती, आणि वरून तलवारी, मागच्या भिंती, स्टारफ्रूट, सफरचंदं असलं बरंच काही गोळा करायचं. आधी तलवार बदलली तर फक्त दिसायला फरक पडायचा, नंतरच्या अपडेटमध्ये तलवारीला आणि भिंतीला वेगवेगळी ताकद दिली, म्हणजे अमुक तलवारीनं अमुक फळ जास्त येणार वगैरे. काही जणांना ते आवडतं. मला विचाराल तर त्यानं दोन माणसांचे स्कोअर एकमेकांशी तोलता येत नाहीत, तुझे जास्त का झाले तर तुझ्याकडं ती तलवार आहे म्हणून, ही काय गंमत. आणि नवीन माणसाला गेम उघडल्यावर खूण-खुणा, बक्षिसं, पेट्या एवढं दिसतं की मूळचे तीन मोड शोधावे लागतात. मी सगळ्यांना सांगते, ते सगळं बाजूला सारा, साधी तलवार ठेवा आणि तीन मोड खेळा. जाहिरात नकोच असेल तर कंपनीचीच पैसे भरून घ्यायची मेंबरशिप आहे, आणि आयफोनवाल्यांसाठी ॲपल आर्केडमध्ये फ्रूट निंजा क्लासिक प्लस म्हणून वेगळी आहे, त्यात जाहिरात पण नाही आणि आत काही विकत घ्यायचं पण नाही. महिन्याचे पैसे फक्त ह्या एका गेमसाठी भरावेत असं मी कुणाला सांगणार नाही, आधीच घेतलेलं असेल तर मात्र तीच खेळा.

फळांबद्दल एक मनातलं बोलते. गेममध्ये ड्रॅगन फ्रूट आहे, क्वचित येतं आणि आलं तर 50 पॉइंट देतं. आपल्याकडं आता सिमेंटच्या खांबांवर ड्रॅगन फ्रूटच्या बागा दिसायला लागल्यात, त्यामुळं लेकरांना ते ओळखीचं वाटतं. आंबा आहे, नारळ आहे, डाळिंब तर आहेच. पण जालन्याची मोसंबी आणि बीडचं सीताफळ, दोघांना जीआय मानांकन मिळालेलं, ही दोन फळं मला ह्या गेममध्ये आजपर्यंत दिसली नाहीत, आणि ती यावीत असं मला खरंच वाटतं. मोसंबीचं एक वेळ ठीक आहे, संत्र्यासारखंच कापलं जाईल. पण सीताफळ पिकल्यावर आपण त्याला सुरी लावतो का, दोन्ही हातांनी धरून अलगद उकलतो, तर गेममध्ये त्याला एका बोटाच्या फटक्यानं न कापता दोन बोटांनी दोन बाजूला सारायचं ठेवलं तर किती मजा येईल, बिया उडतील त्या वेगळ्याच. डाळिंबाला त्यांनी वेगळा नियम दिलाच आहे ना, मग सीताफळालाही देता येईल. डाव संपल्यावर गेममधले गुरुजी, ते सेन्सेई आजोबा, एखाद्या फळाची माहिती सांगतात, इंग्रजीत असते ती, माझ्या भावाची पोरगी सातवीत आहे, ती ती ओळ मोठ्यानं वाचते आणि अडलेला शब्द विचारते. त्यात एखाद दिवशी सीताफळाबद्दल काही वाचायला मिळालं तर तिला किती आनंद होईल.

दुसरा भाग पण आहे, फ्रूट निंजा 2, 2020 साली आलेला. त्यात समोर दुसरा खेळाडू असतो, दोघं एकाच वेळी खेळतात, शेती-बिया असलं पण काही आहे. वाईट नाही, पण छोट्या ब्रेकसाठी मी तो सुचवणार नाही, कारण समोर माणूस आला की नेट आलं, वाट बघणं आलं, हरल्यावर परत एक म्हणून बसणं आलं. मधी 2011 मध्ये एक्सबॉक्सवर पण आली होती, कॅमेऱ्यासमोर उभं राहून खरंच हात हवेत फिरवून फळं कापायची, ती मला खेळायला मिळाली असती तर लै आवडलं असतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बक्षिसांच्या पसाऱ्याचा. कॉलेजच्या पोरांना आर्केड, लायब्ररीत अभ्यास करत बसणाऱ्यांना दर तासाला एक झेन, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांना काहीही चालेल. ज्यांना गोष्ट पाहिजे, लेव्हल चढत जायची ओढ पाहिजे, त्यांना ही गेम आठवड्यात कंटाळवाणी वाटेल, त्यांनी नाही घेतली तरी चालतंय.

डाउनलोड करताना मात्र एक करा, नाव सारखं दिसलं म्हणून पहिलीच दिसेल ती गेम टाकू नका. फळं कापायच्या नकली गेम स्टोअरवर ढिगानं आहेत, त्यातली एक मी टाकून बघितली तर ऐन डावात फळं हवेत असताना जाहिरात यायची आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडायचं. खाली कंपनीचं नाव हाफब्रिक लिहिलेलं आहे का ते बघूनच टाका. आणि लेकरांच्या हातात फोन देणार असाल तर स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायचं चालू करून ठेवा, कुणाला जमत नसलं तर जवळच्या केंद्रावर जाऊन विचारा, दोन मिनिटांचं काम आहे, आमच्याकडं ह्याचे पैसे घेत नाहीत.